भरपाईची वकील

(तालुक्याच्या गावी भरलेल्या वसंत व्याख्यानमालेतलं भाषण. बोलण्याचा सूर तसाच ठेवून थोडं नीटनेटकं केलं आहे.)

अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरचे मान्यवर, आणि लग्नसराई व आयपीएल या दोन्हींना चुकवून इथवर आलेले श्रोतेहो,

आधी एक दुरुस्ती करते. पत्रिकेत माझ्या विषयापुढे ‘कॅनडाच्या पहिल्या महिला पंतप्रधान’ असं छापलंय. छापणाऱ्याचा दोष नाही. मी फोनवर सांगत होते तेव्हा आमच्या गल्लीतून वरात चालली होती. रेचल नॉटली कॅनडाच्या पंतप्रधान कधीच नव्हत्या. तो मान किम कॅम्पबेल यांचा, १९९३ साली, तोही चार-साडेचार महिनेच. नॉटलीबाई अल्बर्टा नावाच्या एका प्रांताच्या मुख्यमंत्री होत्या, तिकडे त्या पदाला प्रीमियर म्हणतात. बरं, निदान अल्बर्टाच्या तरी पहिल्या महिला प्रीमियर? त्याही नाहीत. पहिल्या अ‍ॅलिसन रेडफर्ड, २०११ ते २०१४. कॅम्पबेल वकील, रेडफर्ड वकील आणि नॉटलीही वकील.

त्या ‘पहिल्या’ नाहीत, हे मला फार बरं वाटतं. आपल्याकडे बाईवर भाषण म्हणजे ती पहिली असायलाच हवी. पहिली डॉक्टर, पहिली वैमानिक, पहिली फौजदार. दुसरीला कुणी हार घालत नाही. मी आमच्या बारमध्ये आले तेव्हा तिसरी होते. पहिलीचा सत्कार झाला होता, दुसरीला स्वतंत्र टेबल मिळालं होतं, माझ्या वेळेपर्यंत कौतुक आणि टेबलं दोन्ही संपली होती. पहिली दोन वर्षं मी बाररूमच्या खिडकीच्या कट्ट्यावर बसून वकिली केली. हसू नका, त्या कट्ट्याला वारा छान यायचा.

संयोजकांनी मला विचारलं होतं, मॅडम, महाराष्ट्रात कुणी सापडलं नाही का? सापडलं की. आपल्या प्रतिभाताई पाटील जळगाव कोर्टातल्या वकील, १९६२ साली सत्ताविसाव्या वर्षी आमदार झाल्या. त्यांच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि माझ्यापेक्षा चांगलं बोलतात. मी नॉटली निवडली, कारण ती माझ्या धंद्यातली आहे. म्हणजे नुसती वकील म्हणून नव्हे, माझ्या गल्लीतली वकील. मी आयुष्यभर जे केलं, ते तिनंही उमेदवारीत केलं: कामावर अपघात झालेल्या माणसांची भरपाई. आमच्या धंद्याला बाररूममध्ये फारसा मान नाही. दिवाणीवाले जमिनीचं बोलतात, फौजदारीवाले खुनाचं, आणि आम्ही बोटांचं.

बोटांचं म्हणजे शब्दशः बोटांचं. १९२३ चा कामगार भरपाई कायदा, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत तो आता विरघळला, पण मी जगले त्या जुन्या कायद्यावर. त्याला एक परिशिष्ट होतं, अवयवांचं दरपत्रक म्हणा. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली. पहिलं बोट पूर्ण गेलं तर १४, मधलं १२, अनामिका ७, करंगळी ७. आता बेरीज करा. होय, ७०. आणि पाचही बोटांसकट हात गेला तर किती? ६०! सुटी बोटं महाग, ठोक हात स्वस्त. त्यामागं हिशेबाचं काही कारण आहे, पण ते अशिलाला समजावून सांगताना माझी जीभ दर वेळी अडखळली.

अशिलावरून आठवलं. ज्यांनी ही गोष्ट माझ्याकडून आधी ऐकलीय त्यांनी कृपया मधेच शेवट सांगू नये.

१९८६ चा मार्च. रब्बीची ज्वारी खळ्यावर पडलेली, आणि त्या वर्षी अवकाळीनं पिच्छा पुरवलेला. इथल्या जुन्या मंडळींना हडंबा माहीत आहे. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगते, हडंबा म्हणजे मळणीयंत्र. ट्रॅक्टरच्या पट्ट्यावर चालणारं, वरून कणसं टाकायची, बाजूनं भुसा उडतो, खालून दाणे. हडंबा असायचा एकाचा, शेत दुसऱ्याचं, आणि बाया आणायचा तिसराच, मुकादम. हडंबेवाला पोत्यामागं पैसे घ्यायचा, त्यामुळं जितकी घाई तितका फायदा. दिवस मावळताना आभाळ भरून आलं, घाई आणखी वाढली, आणि कणसं रेटता रेटता एका बाईचा उजवा हात आत गेला.

तीन महिन्यांनी ती सिव्हिलमधून सुटून माझ्या खिडकीच्या कट्ट्यापाशी आली. मी दावा लावला. समोर दोन प्रतिवादी, शेतकरी आणि हडंबेवाला, आणि दोघांचं एकच म्हणणं: ही आमची बाई नाही. हजेरीपत्रक नाही, पगाराची पावती नाही, मुकादम गाव सोडून ऊसतोडीला गेलेला. उलटतपासणीला एक मुरलेले वकील होते, आता हयात नाहीत, माझ्यावर त्यांची माया होती. त्यांनी तिला विचारलं, ‘बाई, शपथेवर सांगा, त्या दिवशी तुम्हाला कामावर बोलावलं कुणी?’ त्यांना तिच्या तोंडून मुकादमाचं नाव हवं होतं. मुकादमाचं नाव आलं की दोघंही सुटले. बाई क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘ज्वारीनं बोलावलं, साहेब. पाऊस आला होता.’

कोर्ट हसलं. साहेबही हसले. स्टेनोनं मात्र ते उतरवून घेतलं नाही, ‘साक्षीदारास नाव सांगता येत नाही’ एवढंच टाइप केलं. मी भांडून ते वाक्य रेकॉर्डवर घेतलं. माझ्या वकिलीतला पहिला हट्ट तो.

निकाल आमच्या बाजूनं लागला, दोघांवरही. पण हडंबेवाला तोवर यंत्र विकून मोकळा झाला होता. राहिला शेतकरी. तीन एकरांचा धनी. भरपाईची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, त्यामुळं तलाठी दारात गेला, आणि त्यानं बैलजोडी विकली. पैसे भरून तो मला भेटायला आला. मला वाटलं, शिव्या द्यायला आलाय. तो म्हणाला, ‘वकीलबाई, तिचा हात गेला, माझ्याकडून घेतलं, ते बरोबर केलंत. पण हडंब्यावर मीपण उभा होतो. माझा हात गेला असता, तर तुम्ही दावा कुणावर लावला असता?’

मला उत्तर सुचलं नाही. ते मिळालं एकोणतीस वर्षांनी, आणि कुठं, तर एडमंटनला, लेकीच्या बाळंतपणात.

हो, मी तिथं बाळंतपणाला गेले होते, अभ्यासदौऱ्यावर नव्हे. डिंकाचे लाडू विमानतळावरच्या अधिकाऱ्याला समजावून सांगणं हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, तो सोडते. नोव्हेंबर २०१५. बाहेर बर्फ, घरात शेक-शेगडीऐवजी हीटर, आणि टीव्हीवर मला एक दृश्य दिसलं. विधानसभेच्या पायऱ्यांसमोर शेतकरी जमलेत, फलक घेऊन, ट्रॅक्टर-ट्रक घेऊन, कुणी घोड्यावरून. आपल्याला मोर्चाचं काय कौतुक? पण कशाविरुद्ध हे ऐकलं आणि मी हातातली अळिवाची खीर खाली ठेवली. शेतमजुराला अपघात झाला तर विमा सक्तीचा करणाऱ्या विधेयकाविरुद्ध! आणि ते आणणारी मुख्यमंत्री पूर्वी भरपाईच्या केसेस लढणारी वकील! लेकीला म्हटलं, तुझं बाळ तू सांभाळ, मला हे बघू दे.

आता अल्बर्टा म्हणजे काय ते सांगते. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त, माणसं आपल्या सोलापूर जिल्ह्याएवढी. जमिनीवर गहू, कनोला (आपल्या मोहरीसारखं तेलबियांचं पीक) आणि गाई, जमिनीखाली तेल. १९७१ पासून सलग ४४ वर्षं एकाच पक्षाची, प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्हांची, सत्ता. तिथं डाव्या विचारांच्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचा आमदार असणं म्हणजे पंढरीच्या वारीत एखादा साहेबी टोपीवाला.

तसा एक माणूस होता. ग्रँट नॉटली, रेचलचे वडील. १९६८ पासून पक्षाचे नेते, आणि १९७१ साली निवडून आले ते सगळ्या सभागृहात पक्षाचे एकटे. एकटे म्हणजे ११ वर्षं एकटे. अर्थसंकल्पावर हेच बोलणार, शेतीवर हेच, तेलावर हेच. आपल्या सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांची आठवण यावी असा माणूस. १९८२ साली पक्षाचे एकाचे दोन आमदार झाले, आणि गंमत पाहा, बाकी विरोधकांची अशी धूळधाण झाली की दोन आमदारांवर ग्रँट विरोधी पक्षनेते झाले. मुलगी वाढली उत्तरेकडच्या फेअरव्ह्यू नावाच्या खेड्यात. आई युद्धविरोधी मोर्चांना जाणारी, दहा वर्षांची व्हायच्या आत मुलीलाही तिनं मोर्चात नेलं.

१९ ऑक्टोबर १९८४. ग्रँट शुक्रवारी रात्री एडमंटनहून घरी निघाले, दहा माणसांचं छोटं विमान. त्या विमानात कोण कोण होतं ऐका. विरोधी पक्षनेता होता. सत्ताधारी पक्षाचे मंत्री लॅरी शाबेन होते, कॅनडातले पहिले मुसलमान मंत्री. एक पोलीस होता, आणि त्याच्या ताब्यातला एक कैदी होता. पोलिसानं प्रवासापुरत्या कैद्याच्या बेड्या काढल्या होत्या. पायलट एकटाच, सहवैमानिक नाही. ढग, बर्फ, अंधार. विमान हाय प्रेअरी गावाजवळच्या जंगलातल्या टेकडीवर आदळलं. सहा गेले, त्यांत ग्रँट नॉटली. वय ४५. चार वाचले: पायलट, मंत्री, पोलीस आणि कैदी. सगळ्यात कमी लागलं होतं कैद्याला. तो पळून जाऊ शकला असता. त्यानं मलब्याखाली अडकलेल्या पोलिसाला उकरून बाहेर काढलं, रात्रभर बर्फात शेकोटी जळती ठेवली, आणि चौघं सकाळपर्यंत तगले.

मला ही गोष्ट कळली त्या रात्री झोप लागली नाही. कैद्यापायी नव्हे, पुढच्या कज्जापायी. वकिलाला झोप न लागण्याची कारणं वेगळी असतात. त्या विमानात मेलेल्या दुसऱ्या दोन प्रवाशांच्या विधवांनी दावा लावला. कुणावर? विमान कंपनीवर तर लावतोच आपण. त्यांनी लावला केंद्र सरकारवर. त्यांचं म्हणणं असं, की ही कंपनी नियम मोडते, पायलटांना वाईट हवेत एकट्यानं उडायला लावते, हे तुमच्या निरीक्षकांना आधीपासून ठाऊक होतं, त्यांनी लिहूनही ठेवलं होतं, आणि वरच्यांनी काही केलं नाही. फेडरल कोर्टानं ते मान्य केलं. सरकारच्या माथी एक तृतीयांश दोष टाकला. तपासणी करणाऱ्यानं डोळेझाक केली तर तोही भरपाईला जबाबदार! आमच्याकडं कारखाना निरीक्षकाच्या शेऱ्याखाली किती हात गेले असतील, हे मी इथं बोलत नाही.

रेचल तेव्हा २० वर्षांची होती. पुढं ती कायदा शिकली आणि भरपाईकडंच वळली. बापाच्या अपघाताचा याच्याशी संबंध आहे का? तिनं तसं म्हटलेलं माझ्या वाचनात नाही. हे माझं अनुमान आहे, आणि वकिलाच्या अनुमानाला पुराव्याचा दर्जा नसतो.

टोरांटोच्या ऑस्गुड हॉलमधून तिनं कायद्याची पदवी घेतली. उमेदवारी एडमंटनला, कामगारांच्या बाजूनं लढणाऱ्या वकिलाकडं. मग सरकारी कर्मचाऱ्यांच्या युनियनमध्ये जखमी कामगारांचे दावे. नंतर शेजारच्या ब्रिटिश कोलंबियात दहाएक वर्षं, तिथं आरोग्य कर्मचाऱ्यांच्या युनियनमध्ये कामाच्या ठिकाणची सुरक्षितता हेच तिचं खातं. मधे एक वर्ष तिथल्या कायदामंत्र्यांच्या कार्यालयात. ते मंत्री कोण? उज्जल दोसांझ, जालंधरजवळच्या दोसांझ कलां गावचे, पुढं त्या प्रांताचे प्रीमियर झालेले. समलिंगी जोडप्यांना कौटुंबिक कायद्यात जागा देण्याच्या दुरुस्तीवर तिनं तिथं काम केलं. २००२ च्या सुमारास ती एडमंटनला परतली, २००८ ला आमदार झाली. चाळिशी उलटून गेल्यावर. नेत्याची पोर म्हणून विशीत तिकीट मागितलं नाही, हे आपल्याकडच्या सभागृहात मुद्दाम सांगावं लागतं.

मला चिठ्ठी आली आहे. ‘मॅडम, १५ मिनिटं.’ बरोबर आहे, माझाच दोष. अजून ती मुख्यमंत्रीसुद्धा झालेली नाही आणि माझी मुख्य मांडणी तर पुढंच आहे. पळते आता.

१८ ऑक्टोबर २०१४ ला ती पक्षाची नेता झाली. वडिलांच्या तिसाव्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी. आमदार किती? चार. सहा-सात महिन्यांत निवडणूक लागली. टीव्हीवरच्या वादात प्रीमियर जिम प्रेंटिस, तेही वकीलच, कराच्या आकड्यांवरून तिला म्हणाले, गणित अवघड असतं हे मला माहीत आहे. झालं! प्रत्येक घरात एखादी तरी बाई असते जिला कधी ना कधी कुणीतरी असंच ऐकवलेलं असतं. त्या एका वाक्यानंच निवडणूक फिरली असं मी म्हणणार नाही. तेलाचे भाव कोसळले होते, उजवी मतं दोन पक्षांत फुटली होती. पण ५ मे २०१५ ला ८७ पैकी ५४ जागा नॉटलीच्या पक्षाला मिळाल्या. ४४ वर्षांची सत्ता गेली. प्रेंटिस पुढच्याच वर्षी विमान अपघातात गेले. काही योगायोग मला नको असतात, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

२४ मे ला विधानसभेच्या पायऱ्यांवर, उघड्यावर, लोकांसमोर शपथविधी. बारा जणांचं मंत्रिमंडळ, त्यांत सहा बायका. आणि सहा महिन्यांनी त्याच पायऱ्यांसमोर मी मघाशी सांगितलेले ट्रॅक्टर.

आता ते विधेयक. बिल ६. कॅनडात अल्बर्टा हा एकच प्रांत उरला होता जिथं शेतमजूर कामाच्या सुरक्षिततेच्या कायद्याबाहेर होता, आणि भरपाईचा विमा काढायचा की नाही हे मालकाच्या मर्जीवर. म्हणजे माझ्या हडंब्यावरच्या बाईला १९८६ साली निदान कागदावर जो हक्क होता, यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या शेतकामाचा, तो श्रीमंत अल्बर्टातल्या मजुराला २०१५ पर्यंत नव्हता. कागदावर आम्ही पुढं होतो. वसुली मात्र बैलजोडी विकूनच झाली.

माझ्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर या विधेयकात होतं. तिकडच्या पद्धतीत मजूर मालकावर दावाच लावत नाही. सगळे मालक एका भरपाई मंडळाकडं हप्ता भरतात, अपघात झाला की चूक कुणाची हे न विचारता मंडळ पैसे देतं, आणि त्या बदल्यात मालकावरचा दावा मिटतो. शेतकऱ्याची इच्छा असेल तर तो स्वतःलाही त्यात घालू शकतो. कुणाची बैलजोडी विकली जात नाही. भरपाई ही शिक्षा नसून आधी करून ठेवलेली सोय आहे, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला जितकं कळतं तितकं कुणाला कळत नाही. अंगावर आल्यावर पैसा आणायचा कुठून, हे त्यानं शंभरदा पाहिलेलं असतं.

मग इतका भडका का उडाला? एक तर महिनाभर आधीच तिथं एका शेतावर तीन सख्ख्या बहिणी कनोलाच्या ढिगात गुदमरून गेल्या होत्या, लोकांची मनं ओली होती. त्यात सरकारी माहितीपत्रकांतून आणि बैठकांतून असा समज पसरला की शेतकऱ्याची स्वतःची पोरं, मदतीला येणारे शेजारी, सगळेच कायद्यात येणार. म्हणजे पोरानं वासराला पाणी पाजलं की फॉर्म भरा. नॉटलीनं चूक कबूल केली, घरची माणसं वगळल्याचं दुरुस्तीनं स्पष्ट केलं, आणि १० डिसेंबरला विधेयक मंजूर करून घेतलं. १ जानेवारी २०१६ पासून लागू. तीन आठवड्यांत! इथंच माझी मुख्य मांडणी आहे, जी मी पहिल्या पाच मिनिटांत करायला हवी होती.

वकिलाकडं माणूस हात तुटल्यावर येतो. त्याला पटवावं लागत नाही, त्याचा हातच पटवत असतो. वकील पटवतो न्यायाधीशाला, एका माणसाला, कागदावर. मुख्यमंत्र्याला समोर जो माणूस असतो त्याचे दोन्ही हात शाबूत असतात, आणि त्याला वाटतं, मला काय होतंय? त्याच्याकडून आधी हप्ता मागायचा, तर त्याच्या बांधावर जाऊन बसावं लागतं. नॉटलीचं सगळं राज्य मला अशा विम्याच्या हप्त्यांसारखं दिसतं. तेल कधीतरी संपणार किंवा जगाला नकोसं होणार, म्हणून आजच हप्ता भरा: कार्बनवर कर, जानेवारी २०१७ पासून टनामागं २० डॉलर, पुढच्या वर्षी ३०. कोळशावरची वीज २०३० पर्यंत बंद. तेलवाळूच्या, म्हणजे तेल मिसळलेल्या वाळूतून तेल काढण्याच्या, प्रदूषणाला वर्षाला १० कोटी टनांची मर्यादा. किमान वेतन १०.२० डॉलरवरून ऑक्टोबर २०१८ ला १५ डॉलर. आणि २०१७ साली भरपाई मंडळाच्या कायद्याचीच डागडुजी. तरतुदींवर माझं भांडण नाही. पण ज्या घटकेला हप्ता मागितला, त्याच घटकेला तेल १०० डॉलरवरून ३० च्या खाली आलं होतं, लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. मे २०१६ ला फोर्ट मॅकमरे शहराला वणव्यानं घेरलं, ८८,००० लोक बाहेर काढावे लागले. ते काम तिनं फार शांतपणे केलं, टीकाकारांनीही मान्य केलं. म्हणजे अपघात झाल्यावर ती उत्तम. आमच्या धंद्याची सवय!

आणि बाई म्हणून जे वाट्याला यायचं ते आलंच. एका गोल्फ स्पर्धेत तिचा पुठ्ठ्याचा पुतळा उभा करून त्याला निशाणा केलं होतं. त्यावर मी बोलले असते, पण चार मिनिटं उरलीत.

वाइनची गोष्ट राहिली, ती दोन वाक्यांत. अल्बर्टाचं तेल समुद्राला न्यायचं तर नळ ब्रिटिश कोलंबियातून जाणार, आणि तिथल्या सरकारनं, तिच्याच पक्षाच्या सरकारनं, खोडा घातला. तेव्हा फेब्रुवारी २०१८ मध्ये हिनं त्या प्रांताची वाइन विकत घेणंच बंद केलं, सोळा दिवस. पर्यावरणवाले तिला तेलवाली म्हणू लागले, तेलवाले पर्यावरणवाली म्हणतच होते. शेवटी केंद्र सरकारनं ती पाइपलाइनच साडेचार अब्ज डॉलरला विकत घ्यायचं ठरवलं. तेल त्यातून वाहायला लागलं मे २०२४ मध्ये, म्हणजे ती सत्तेवरून गेल्यावर पाच वर्षांनी.

ती गेली १६ एप्रिल २०१९ ला. फुटलेले उजवे पक्ष जेसन केनींनी एकत्र आणले, ६३ विरुद्ध २४. आणि केनी सरकारनं पहिल्याच वर्षात बिल ६ मागं घेतलं. नव्या कायद्यात पाच किंवा त्याहून कमी मजूर असलेल्या शेतांना विम्याच्या सक्तीतून सूट. आता तुम्हीच सांगा, हडंब्यावर एका वेळी किती बाया असतात?

२०२३ ला ती पुन्हा लढली, ३८ जागा, त्या प्रांताच्या इतिहासातला सगळ्यात मोठा विरोधी पक्ष, सत्ता नाही. २०२४ च्या जूनमध्ये नेतेपद कॅलगरीचे माजी महापौर नाहीद नेन्शी यांच्याकडं दिलं, आणि वर्ष सरता सरता आमदारकीही सोडली.

दुसरी चिठ्ठी आली. यात वेळ लिहिलेली नाही, नुसतं ‘मॅडम’ लिहिलंय. थांबते. मागच्या रांगेतल्या ताईंनी मघाशी खुणेनं विचारलं होतं, त्या बाईचं पुढं काय झालं. बैलजोडीचे पैसे मिळाले, त्यांतून तिनं दोन शेळ्या आणि एक शिवणयंत्र घेतलं. शिवणयंत्र एका हातानं चालत नाही हे मी तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, लेकीला घेतलंय.